माडजुवा स्पोर्टिंगचा एकुलता एक हंगाम

२२ सप्टेंबर २०२४

गणपतीला आलेले चाकरमानी परत गेले, आता बेटावर पुन्हा आपणच उरलो, असं मी काल सासूबाईंना म्हणत होते. आज दाजीकाकांनी सगळ्यांना सातेरीच्या देवळात बोलावून जाहीर केलं, की माडजुव्याचा व्यावसायिक फुटबॉल क्लब निघणार.

दाजीकाका माझे चुलतसासरे. जन्म बोटीवर गेला. कुठल्याशा थंड समुद्रातल्या बेटावर त्यांची बोट दुरुस्तीला अडकली होती, तेव्हा तिथल्या क्लबाचा सामना त्यांनी पाहिला. ते अजून त्यांच्या डोक्यातून गेलेलं नाही.

"आंगणेवाडीच्या जत्रेत एका रांगेत उभी रवतत तितकी माणसा नाय त्या बेटार," काका म्हणाले. "आणि तेंचो क्लब पगारी! मगे आमका काय धाड भरली?"

किनाऱ्यावरच्या क्लबांची नवी लीग सुरू होते आहे. खेळाडू पगारी हवेत, मैदान स्वतःचं हवं आणि कोच शिकलेला हवा. "आणि एक मॅनेजर होयो," असं काका म्हणाले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण विचारलं तर कळलं, की बाहेरून येणाऱ्यांना राहायला खोल्या लागतील, आणि या खाडीच्या मधोमध वसलेल्या बेटावर भाड्याच्या खोल्या फक्त माझ्या न्याहारी-निवासात आहेत. म्हणजे मॅनेजर मला नाही, माझ्या खोल्यांना केलं.

मी म्हटलं, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. काका म्हणाले, "ता बरा. कळणारे भांडतत."

शिवाय तिकडच्या क्लबांचे जाडजूड इतिहास असतात, तसा आपलाही पहिल्या दिवसापासून लिहायचा आणि तोही मीच. म्हणून डायरी सुरू केली आहे. यातलं चाळून पुढे इतिहास होईल.

दीपिकाला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू दिवाळीनंतर घर बंद करून आजीला घेऊन इकडे येणार होतीस ना?" म्हटलं, येईन, एवढा हंगाम होऊ दे. सासूबाई शेजारीच होत्या. पुण्याचं नाव निघालं की त्यांना ऐकू येत नाही.

२९ सप्टेंबर

संघ जमवणं सुरू आहे. बेटावरचे धडधाकट तरुण मोजले तर अकरा भरत नाहीत. तीन-चारजण बाहेरून आणावे लागणार. आपला होडीवाला धनेश गोलकीपर. तो आडवा उभा राहिला की मागचं जाळं दिसत नाही, एवढी एकच कसोटी काकांनी लावली.

आज नेमणूकपत्रं वाटली. संघात घेतलेल्या चंदनच्या आईने पत्र देवापुढे ठेवलं आणि घरोघर खडखडे लाडू वाटले. "माझो झील नोकरेक लागलो! आणि ता पण घरात रवान!" म्हणत ती रडत होती. या बेटावर आजवर नोकरीला लागणं म्हणजे होडीत बसून जाणं. काकांचं खूळ असेल, पण ती बाई रडली ते खरं होतं.

६ ऑक्टोबर

कोच आले. नाव सत्यवान, सावंतवाडीचे. एके काळी गोव्यात मोठ्या क्लबाकडून खेळायचे, गुडघा गेला, मग शिकवायला लागले. उंच, सावळे, चालताना किंचित लंगडतात. बोलतात कमी. होडीतून उतरताना चेंडू भिजू नयेत म्हणून त्यांनी चेंडूंचं जाळं डोक्यावर धरलं आणि स्वतः पाण्यात पडले. चेंडू मात्र कोरडे राहिले.

रात्री जेवताना सासूबाईंनी चौकशी केली. "बायल-पोरा खंय?"

"लगीन नाय झाला."

"नाव सत्यवान, आणि सावित्री नाय?"

"ठरलेला," ते म्हणाले. "पाय मोडलो, तशी सोयरीक पण मोडली."

सासूबाईंनी कोचच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. पाहुण्यांना दुसरा बांगडा त्या सहजी देत नाहीत. लंगडणाऱ्या माणसाची दया आली असावी.

बेटावर मला लहानथोर सगळे वहिनी म्हणतात. मी त्यांनाही म्हटलं, वहिनीच म्हणा. "बरं," म्हणाले, आणि उठताना "अनुजाबाई, जेवण छान होतं," म्हणाले. ऐकायला कमी येतं की काय कोण जाणे.

२४ ऑक्टोबर

लीगचे अधिकारी मैदान पाहायला आले. मैदान म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाची मोकळी जागा. एका बाजूला माड आणि दोन बाजूंना खाडी. साहेब ऐटीत चालत मध्यभागी गेले आणि त्यांचा पाय खेकड्याच्या बिळात पोटरीपर्यंत गेला. आत कुर्ली होती.

बूट सापडल्यावर त्यांनी गोलच्या खांबाकडे बोट दाखवलं. "ही गाय कोणाची?"

"ती उद्यापासून नसतली," धनेश म्हणाला.

"मग आज का आहे?"

"आज तुम्ही येतलास, ता तिका म्हायत नाय होता."

साहेब रागारागाने धक्क्यावर गेले, तर ओहोटी लागलेली. पाणी उतरलं की धक्क्यापाशी नुसता चिखल उरतो आणि होडी हलत नाही. झक मारत माघारी आले. सासूबाईंनी वडे-कोंबडी केली होती, तिसऱ्यांचं सुकं होतं, वर सोलकढी. भरती आली तेव्हा धनेश बोलवायला आला, तर साहेब म्हणाले, "घाई काय आहे?" मैदान मंजूर झालं. शेरा असा, की 'मैदानाचे स्वरूप नैसर्गिक आहे.'

सत्यवान सरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, "तुमच्या जेवणाने क्लब वाचवला." स्वयंपाक सासूबाईंचा होता. पण मी दुरुस्ती केली नाही.

१७ नोव्हेंबर

पहिला सामना, मिठबावच्या संघाशी. बेट झाडून सगळं आलं होतं. पलीकडच्या गावातूनही लोक आले.

सुरुवातीलाच कोणीतरी चेंडू खाडीत मारला. धनेशने गोल सोडला, सवयीने होडीत उडी मारली आणि वल्हवायला लागला. इकडे दुसरा चेंडू आत टाकला गेला, शिट्टी झाली, आणि मिठबाववाल्यांनी मोकळ्या जाळ्यात गोल केला.

रेफरी धावत आले. "गोलकीपर कुठे आहे?"

"चेंडू हाडूक गेलो," चंदन म्हणाला.

धनेश चेंडू घेऊन परत आला. वाटेत त्याला पलीकडून हाक आली म्हणून दोन उतारूही घेऊन आला.

पाच-शून्य हरलो. सासूबाईंनी पाचही गोलांना टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, ते आपले नव्हेत. "गोल तो गोल," त्या म्हणाल्या. "पाव्हण्यांनी केलो म्हणान काय झाला?"

मला वाटलं कोच चिडतील. ते ओट्यावर बसून मुलांच्या बुटांतला चिखल काठीने काढत होते. मी चहा नेऊन दिला. "अनुजाबाई," ते म्हणाले, "हरताना कोणी मैदान सोडून गेलं नाही. धनेश सोडून." आणि हसले. हसतात तेव्हा बरे दिसतात. हे इतिहासात घेण्याची गरज नाही.

८ डिसेंबर

जत्रांचे दिवस. बाहेरून आणलेला आपला मितेश पिंगुळीचा, फुटबॉलखेरीज दशावतारात बायकांची कामं करतो. रात्रभर कुठेशी द्रौपदी झाला होता, आज थेट तिथून सामन्याला आला. तोंड धुवायला वेळ नव्हता. रंगवलेला चेहरा, डोळ्यांत काजळ, कपाळाला मोठं कुंकू, नाकात नथ, आणि अंगात आपली निळी जर्सी.

समोरच्या संघाने तक्रार केली. रेफरींनी नियम तपासले. दागिने चालत नाहीत म्हणून नथ काढायला लावली. कुंकवाबद्दल नियमात काही नाही. मितेश चेंडू घेऊन पुढे गेला की त्यांचे पोरगे लाजून बाजूला व्हायचे. एकजण तर "सॉरी, ताई" म्हणाला. तेवढ्यात मितेशने गोल मारला. आपला पहिला गोल! एक-एक अशी बरोबरी झाली.

त्या आनंदात मी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात घट्ट धरून ओरडत होते. नंतर पाहिलं तर ते सत्यवान सर होते. मी माफी मागितली. "नाही, नाही, काही हरकत नाही," एवढं वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं.

२९ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत दीपिका येऊन गेली. आल्यापासून तिचं बारीक लक्ष. "आई, पंप कोणी दुरुस्त केला?" सरांनी. "परसातला दिवा?" सरांनी. "आणि हा विळीवर नारळ कोण खवतंय?" तेही सरच. त्यांना रिकामं बसवत नाही, आणि सराव सकाळ-संध्याकाळच असतो, म्हणून मधल्या वेळात करतात. यात हसण्यासारखं काय होतं ते आजी-नातीलाच माहीत.

"ते सगळ्यांशी मालवणीत बोलतात, तुझ्याशीच का पुस्तकी बोलतात?" असंही तिने विचारलं. मी म्हटलं, मॅनेजरचा मान.

जाताना दीपिकाने सरांना वाकून नमस्कार केला. मला नाही केला. पुण्याला कधी येतेस, हेही या वेळी विचारलं नाही. कामाच्या गडबडीत विसरली असेल.

१९ जानेवारी २०२५

जिंकलो!! दोन-एक. चंदनने शेवटच्या मिनिटांत डोक्याने गोल केला. काका देवळाकडे धावत गेले आणि घंटा बडवत राहिले. पलीकडच्या गावाला वाटलं आग लागली. ते कळशा घेऊन आले.

चंदनसाठी दुहेरी दिवस. मुलीकडची माणसं मुद्दाम सामना बघायला आली होती. मुलीच्या बापाने आधी मला विचारलं, "म्हंजे लाथा मारूचो पगार गावता?" मी म्हटलं, चेंडूला. मग मुलीने, तन्वी तिचं नाव, सरळ चंदनला विचारलं, "सांजचो घराक येतलंस मा?"

"मैदानातून घर दिसता," चंदन म्हणाला.

"मगे माका चलता," ती म्हणाली.

तिचा बाप बोटीवर असतो, वर्षाकाठी एकदा येतो. तिने हो म्हटलं त्यामागे काय होतं ते मला समजलं. माझेही दिवस असेच गेले. माझे यजमान सुहास मुंबईहून यायचे ते पाहुण्यासारखे, आणि कायमचे आले त्यानंतर दोन वर्षांत हृदयविकाराने गेले. याला आता नऊ वर्षं होतील. आज इतक्या गोंगाटात हे का आठवलं कळत नाही.

जाता जाता: सामन्यासाठी मी मालवणहून नवी साडी आणली. मॅनेजरने नीटनेटकं दिसावं म्हणून.

१० फेब्रुवारी

वाईट बातमी. लीगने ठरवलं, पुढच्या हंगामापासून ज्यांच्या मैदानापर्यंत मोटार जाते तेच क्लब चालतील. पाहुण्या संघांनी तक्रारी केल्या होत्या. एका संघाला ओहोटीमुळे आमच्याकडे मुक्काम करावा लागला, त्यांनीही केली. मासे मात्र तीन तीन वेळा मागून खाल्ले.

लीगवाले म्हणतात, पलीकडे रस्त्यालगत मैदान घ्या, नाव माडजुव्याचंच ठेवा. काका म्हणाले, "नाव बेटाचा आणि क्लब डांबरार? उद्या माका पण थयच नेवन ठेवा, आणि पाटी हय लावा." मग बराच वेळ खाडीकडे बघत बसले.

१३ फेब्रुवारी

कोल्हापूरच्या एका मोठ्या क्लबाचा सरांना फोन आला. उरलेल्या हंगामासाठी आणि पुढेही कोच म्हणून बोलावलं आहे. तिकडे सामन्याला हजारो माणसं असतात म्हणे.

त्यांनी मला विचारलं, "मी काय करू?"

मी मॅनेजर म्हणून योग्य तो सल्ला दिला. म्हटलं, अशी संधी पुन्हा येत नाही. आमचा क्लब आता महिना-दीड महिन्याचा सोबती. तुम्ही आपला विचार करा, अवश्य जा.

"अवश्य?" ते म्हणाले.

"अवश्य," मी म्हटलं.

रात्री ते जेवले नाहीत. पोट बिघडलं असेल. सासूबाईंनी भांडी इतकी आपटली की मी उठून आत गेले. "काय झालं?" तर म्हणाल्या, "काय नाय. देव कोणाक डोळे दिता, कोणाक डायरी."

याचा अर्थ मला लागला नाही.

१६ फेब्रुवारी

सर गेले. धक्क्यावर सगळे होते. मितेश रंग न लावता रडला. मी गेले नाही. घरात कामं होती. नारळ खवायचे होते. खवताना बोट कापलं.

२ मार्च

कोचशिवायचा सामना, तोही बाहेरगावी, खाडीकाठच्या मैदानावर. काकांनी माझ्याकडे शिट्टी दिली. मी म्हटलं, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही.

सुरुवातीला गप्प उभी होते. मग चंदन भलतीकडेच उभा राहिलेला दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चंदन, मागे ये! तुझ्या पाठीमागे मोकळा माणूस आहे!" तो मागे आला आणि चेंडू नेमका त्याच्याच पायाशी. मग मला थांबता येईना. "मितेश, कडेने जा!" "धनेश, चेंडू पाण्यात गेला तर जाऊ दे, हलायचं नाही!" एकदा रेफरींशी ऑफसाइडवरून भांडले. माझं बरोबर होतं.

तीन-शून्य जिंकलो. बाहेरगावी जाऊन जिंकलेला आपला पहिला सामना.

परतीच्या होडीत पोरं गात होती. मला हे सगळं कुठून येत होतं याचा विचार करत बसले. ऑक्टोबरपासून रोज रात्री जेवणानंतर एक माणूस ओट्यावर काजूच्या बिया मांडून मला समजावत होता, हा चंदन, हा मितेश, हा मोकळा माणूस. मला वाटायचं मी नुसती ऐकून घेते आहे.

विजयाची बातमी कोणाला तरी सांगावी असं फार वाटलं. दीपिकाला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला, "सरांना कळवलंस?" दुसरा विचारलाच नाही.

नाही कळवलं.

१५ मार्च

शिमग्याची गडबड. संध्याकाळी पोरं "शबय! शबय!" करत घरोघर पैसे मागत फिरत होती. तेवढ्यात धक्क्याकडून आरडाओरडा झाला. ओहोटी होती आणि खाडीच्या चिखलातून कोणीतरी चालत येत होतं. पायापासून डोक्यापर्यंत काळं, फक्त डोळे दिसत होते, डोक्यावर पिशवी. पोरांना वाटलं कोणाचं तरी सोंग आहे. ढोल घेऊन सगळी मागे लागली. सोंग लंगडत लंगडत, वाजतगाजत, थेट माझ्या ओट्यापाशी आलं.

"होडी मिळाली नाही," सोंग म्हणालं.

मी म्हटलं, "भरतीला थांबता येत नव्हतं?"

"नाय थांबाक येवक," ते म्हणाले. पहिल्यांदाच माझ्याशी मालवणीत बोलले.

"कोल्हापूरचं काय?"

"थयचा मैदान कोरडा आसा. हजारो माणसा. सगळा बरा आसा." मग म्हणाले, "माका रात्रीचा जेवण जायना."

मी त्यांना सांगितलं, ओटा आत्ताच सारवला आहे, चिखलाचे पाय वर ठेवायचे नाहीत. एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. दिवसभर पुरणाच्या चुलीपुढे होते, धूर डोळ्यांत गेला होता.

सासूबाईंनी विहिरीवर स्वतः पाणी शेंदून दिलं. या वयात! मग ढोलवाल्या पोरांच्या हातावर इतकी शबय ठेवली की पोरं दुसऱ्या घरी गेलीच नाहीत.

२३ मार्च

शेवटचा सामना, आपल्या मैदानावर. हरलो, एक-दोन. आठ क्लबांत सहावे आलो. गुणांनी टिकलो, पण मोटारीने गेलो.

शिट्टी वाजल्यावर कोणी उठेना. काका मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. मला वाटलं भाषण करतील. त्यांनी चेंडू खाली ठेवला, चप्पल काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा लाथ मारली. चेंडू जेमतेम चंदनपर्यंत गेला. सगळ्या बेटाने टाळ्या वाजवल्या.

६ एप्रिल

खाडीतल्या वरच्या जुव्यावरची, म्हणजे वरच्या बेटावरची, माणसं काकांकडे आली. त्यांचं आमचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. तिसऱ्या-शिंपल्या कोणी कुठे काढायच्या यावरून माझ्या आजेसासऱ्यांचं डोकं त्यांनी फोडलं होतं. ते म्हणाले, "तुमका डांबरवाले खेळाक घेनत नाय. आमी घेतलो तर चलात काय?" त्यांच्याकडेही पोरं आहेत, आणि पलीकडच्या लहान जुव्यावर सहासात. मिळून खाडीची लीग करायची. मोटार चालणार नाही, होडीनेच यायचं, ही पहिली अट.

पगार अर्थातच बंद. चंदनने काकांबरोबर शिणाणे, म्हणजे खाडीतले मोठे शिंपले, वाढवायचं काम सुरू केलं आहे, त्यात पोट निघेल म्हणतो. मितेशला कोल्हापूरने बोलावलं. सरांनीच त्याचं नाव सुचवलं. जत्रांच्या दिवसांत सुट्टी मिळेल का, हे त्याने आधी विचारून घेतलं.

सरांना आता इथे काही कामच नाही. करार संपला. तरी ते जात नाहीत. खोलीचं भाडं मात्र वेळेवर देतात. त्यांच्या मनात काय आहे, एकदा विचारायला हवं.

२० एप्रिल

आज सासूबाईंनी मला समोर बसवलं आणि हातातली सुपली खाली ठेवली.

"माझो झील गेलो, तेका नऊ वर्सा झाली. तू माका टाकून गेलंस नाय. दीपिकान कितीदा बोलवल्यान, तरी गेलंस नाय. ता माका ऐकाक येय नाय असा तुका वाटता, पण माका सगळा ऐकाक येता."

मी म्हटलं, आता हे कशासाठी?

"झील काय माका परत गावाचो नाय," त्या म्हणाल्या. "पण जावय करूक येता. तू माझा चेडू, माझी लेक. मी तुका देतंय. त्या सत्यवानाक सांग, नायतर मी सांगतंय."

मी हसले. म्हटलं, त्यांच्या मनात तसलं काही नाही. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणाल्या, तो माणूस चिखलातून चालत काय शबय मागूक इलेलो?

मग मी ही डायरी पहिल्यापासून वाचून काढली. दोनदा. दुसरा बांगडा, पंप, नारळ, काजूच्या बिया. मी चांगल्या शाळेत शिकलेली बाई आहे.

२१ एप्रिल

दीपिकाला फोन केला. कसं सांगावं कळेना. म्हटलं, आजी काहीतरी बोलते आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. ती म्हणाली, "आई, मी डिसेंबरपासून वाट बघतेय." "बाबा असते तर..." असं मी सुरू केलं. ती म्हणाली, "बाबा असते तर हे घडलंच नसतं. पण बाबा नाहीत, आणि तू आहेस." माझी मुलगी कधी एवढी मोठी झाली, ते या डायरीत कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

२२ एप्रिल

सर परसात गोलचं फाटलेलं जाळं विणत होते. मी जाऊन उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, सगळं विसरले.

तेच म्हणाले, "तुमच्या सासूबाई कालपासून माका जावयबापू म्हणतत. धनेश होडीचे पैसे घेना. दाजींनी बँडवाल्याक विचारल्यानी. म्हणान म्हटला, तुमका कोणी सांगितला काय?"

"परवा कळलं," मी म्हटलं.

"माका ऑक्टोबरात कळला," ते म्हणाले. "बांगडो वाढलो तेव्हा."

"तो सासूबाईंनी वाढला होता."

"ताट तुम्ही ठेवलास."

मी जाळ्याचं दुसरं टोक धरलं आणि तिथेच बसले. घट्ट ओढून धरलं की विणायला बरं पडतं. बेट सोडायचं नाही, सासूबाईंना सोडायचं नाही, एवढ्या दोन गोष्टी मी सांगितल्या. ते म्हणाले, "मी कोल्हापूर सोडून इलंय, मी तुमका बेट कित्याक सोडूक सांगान?"

अंधार पडेपर्यंत अर्धं जाळं झालं.

१८ मे

काल सातेरीच्या देवळात लग्न झालं. रेफरी, लीगचे साहेब, वरच्या जुव्याची माणसं, सगळी आली. साहेब कुर्लीच्या भीतीने गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून आले होते. मितेश कोल्हापूरहून आला. दीपिका करवली म्हणून नाही, वरमाय म्हणून मिरवली, कारण सरांकडून कोणी नव्हतं. मुलीच्या आईचं सगळं सासूबाईंनी केलं. ओटी भरली, कन्यादानाला दाजीकाकांच्या शेजारी बसल्या आणि मंगलाष्टकं चालू असताना भटजींना दोनदा घाई केली.

घोटाळा झाला तो पाठवणीच्या वेळी. सासूबाई म्हणाल्या, पाठवणी झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. पण पाठवायची कुठे? नवरा माझ्याच घरी राहतो. शेवटी धनेशने तोडगा काढला. आम्हाला होडीत बसवलं, बेटाला एक फेरी मारली आणि परत आणून त्याच धक्क्यावर उतरवलं.

निघताना सासूबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. आईसारख्या, मोठ्याने, सगळ्यांसमोर. इतकी वर्षं त्यांना अशा रडताना मी पाहिलं नव्हतं. सुहास गेले तेव्हाही त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या होत्या. मीही रडले. होडी माडांच्या आड जाईपर्यंत त्या हात हलवत होत्या.

खाडीला भरती होती. मैदानाजवळून गेलो, पोरं खेळत होती, चेंडू पाण्यात आला तो सत्यवानांनी वाकून उचलला आणि परत फेकला.

धक्क्यावरून चालत घरी आलो तर दारात तांदळाचं माप भरून ठेवलेलं, आणि उंबऱ्याच्या आत सासूबाई हातात आरतीचं ताट घेऊन उभ्या. दुसरी साडी नेसून. डोळे अजून सुजलेले, हुंदका मधूनच येत होता. पदराने नाक पुसलं, ताट ओवाळलं आणि म्हणाल्या,

"ये गो बाय, माप ओलांड. सासू तशी वायट नाय तुझी."